वाहून जाणारी उत्तरं

आधी माफी मागतो. असा लेख लिहायचा मला अधिकार आहे असं मला वाटत नाही. मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मराठीत मी आजवर जे लिहिलं त्यातलं बहुतेक 'उत्पन्नाचा दाखला काढायला जाताना काय काय न्यावे' अशा जातीचं आहे. वाक्याला लय कशी आणतात ते मला कुणी शिकवलेलं नाही आणि शिकवलं असतं तरी जमलं असतं का, माहीत नाही. तेव्हा कुठे फार कोरडं झालं तर सांभाळून घ्या.

पण ज्या कामाबद्दल लिहितोय, त्या कामाची माफी मागणार नाही. ती मागायला मला पुष्कळांनी सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका मोसमात मी पुढे केलेल्या एका उत्तरावर दीपाली नावाच्या मुलीची कॉलेजातली जागा टांगलेली होती. ते उत्तर माझं नव्हतं, तिला ते देणारा मात्र मी होतो. जागा राहिली की गेली, हे मला कळायला फार वेळ लागला. तोवर सगळे म्हणत होते की गेली, आणि ती तुझ्यामुळे गेली.

आता तो मोसम परत आलाय, म्हणून हे सगळं वर आलं.

आमच्याकडे घाटकोपरच्या डोंगरावर ॲडमिशनचा मोसम कॅलेंडर न बघता कळतो. झेरॉक्सवाला दुकानाच्या पायरीवर दुसरं मशीन आणून ठेवतो. दोरीवर प्लास्टिकची फोल्डरं लटकायला लागतात, निळी, गुलाबी, बटणाची. गरम कागदाचा आणि लॅमिनेशनचा वास गल्लीत तळणाच्या वासात मिसळतो, आणि वारा देवनारच्या कचरा डेपोकडून फिरला की तोही वास त्यात येऊन बसतो. ओल्या छत्र्या रांगेत गळत असतात. पोरी फोल्डर छातीशी धरून चालतात, छत्री फोल्डरवर आणि स्वतः पावसात. कुठल्यातरी घरातून आवाज येतो, "ओटीपी आला का गं?" आणि समोरच्या घरातून कुणीतरी सांगतं, "साईटच बंद आहे, कशाला ओरडतेस." आणि माझ्या खिशातला फोन मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायला लागतो.

हे सुरू झालं ते एका जुन्या ग्रुपपासून. दाखले, शिष्यवृत्त्या, फ्रीशिप, जात पडताळणी, हॉस्टेल, या सगळ्याच्या प्रश्नांचा. राज्यभरातली हजारो मुलं त्यात आहेत. मी त्यात अकरावीत असताना शिरलो, कारण माझी शिष्यवृत्ती अडकली होती. कॉलेज म्हणे बँकेत जा, बँक म्हणे आधार केंद्रात जा, आधार केंद्र म्हणे सगळं बरोबर आहे, कॉलेजात विचार. मी ग्रुपवर विचारलं. लातूरच्या एका मुलानं दोन ओळींत लिहिलं की खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे कुठल्या खात्यात टाकायचे याची नोंद असणं वेगळं. बँकेत जाऊन दुसऱ्या गोष्टीचा फॉर्म माग, पहिल्याचा देतील, तो घेऊ नकोस. मी गेलो. पहिल्याचा दिला. मी घेतला नाही. तो मुलगा कोण, कसा दिसतो, त्याचं पुढे काय झालं, मला काही माहीत नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या शहरात माझाही कुणीतरी मोठा भाऊ आहे, फक्त तो लातूरला राहतो.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या एका मुलीनं तोच प्रश्न विचारला. लातूरचा मुलगा तेव्हा ऑनलाइन नव्हता. त्याचं उत्तर शुभ सकाळच्या फुलांखाली, कुणाच्या वाढदिवसाच्या केकखाली, कुठल्या तरी भरतीच्या खोट्या जाहिरातीखाली गाडलं गेलं होतं. कुणीतरी तिला लिहिलं, "वर बघा, वर सांगितलंय."

या वाक्याचा मला तेव्हापासून राग आहे. वर म्हणजे कुठे? ज्याला कुठला शब्द टाकून शोधायचं तेच माहीत नाही, त्यानं वर बघून काय करायचं? ग्रुपात चांगली उत्तरं येत नाहीत असं नाही. फार चांगली येतात. कुणी रांगेत उभं राहून शिकलेलं, कुणी तीनदा परत पाठवल्यावर कळलेलं. पण ती येतात आणि वाहून जातात. नाल्याला पूर आल्यावर एखादं चांगलं पातेलं वाहत जाताना दिसावं, तशी. दिसतं, आणि हात लांबवेपर्यंत गेलेलं असतं.

बारावीनंतरच्या सुट्टीत मी ती पकडायला लागलो. एवढंच माझं काम. माझ्या त्या संकलनात माझं स्वतःचं ज्ञान नाही म्हटलं तरी चालेल. वर जायचं, महिनाभराचं सगळं वाचायचं, कामाची उत्तरं उचलायची, एका विषयाची एका जागी ठेवायची, सोप्या भाषेत लिहायची आणि ग्रुपवर परत टाकायची. उत्तराखाली कुणी सांगितलं ते लिहायचं. त्याच्याखाली अजून एक ओळ, 'करून पाहिलं', आणि पुढे ज्यानं खरंच करून पाहिलं त्याचं पहिलं नाव आणि गाव. ही ओळ भरणं सगळ्यात अवघड. काम झालं की माणसं ग्रुप सोडतात. मी त्यांना शोधून विचारायचो, "ताई, झालं का?" "दादा, मिळाला का दाखला?" काही जणांनी मला ब्लॉक केलं. एकीच्या मोठ्या भावानं फोन करून विचारलं, "कोण रे तू? तिच्या दाखल्याशी तुझं काय काम?" मी म्हणालो, काम काही नाही, पुढच्याला सांगायचंय. तो म्हणाला, "मिळाला. मंगळवारी गेलो तर गर्दी नसते, ते पण लिही."

सोप्या भाषेची परीक्षा आई घ्यायची. आई घरी खोट्या दागिन्यांचं काम करते. कानातल्याच्या साच्यात गोंदाचा ठिपका ठेवायचा आणि चिमट्यानं खडा बसवायचा. बाबा पीओपीच्या कामावर गेले की दुपारी ती खिडकीजवळ बसते आणि मी तिच्यासमोर बसून उत्तर मोठ्यानं वाचायचो. तिचा चिमटा चालू राहिला की उत्तर पास. थांबला की नापास.

"अर्जदाराने सक्षम प्राधिकाऱ्याकडून..." मी वाचलं. चिमटा थांबला.

"कोन तो?"

"तहसीलदार."

"मंग तहसीलदार म्हन ना. काहून लपवतो त्याले?"

मी खोडून तहसीलदार लिहिलं. आईचं माहेर बुलढाण्याकडचं. मुंबईत इतकी वर्षं राहून तिची बोली बदललेली नाही आणि तिला ती बदलायचीही नाही. ती चौथीपर्यंत शिकली. सरकारी कागद आला की आमच्या घरात तो देव्हाऱ्यात ठेवावा तसा बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला जायचा, कारण दुसरं काय करायचं ते कुणालाच माहीत नसायचं. मी दहावी झाल्यावर ते कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचायचो. कळायचं नाही. पण कळल्यासारखा चेहरा करायचो, कारण चारही डोळे माझ्याकडे असायचे.

माझा कॉलेजातला मित्र चिन्मय मुलुंडला राहतो. चांगला मुलगा आहे, अजूनही मित्र आहे, त्यामुळे हे वाचून तो रागावणार नाही. पहिल्या वर्षी कॅन्टीनमध्ये त्यानं माझं संकलन फोनवर पाहिलं आणि म्हणाला, "अरे पण हे सगळं साईटवर आहे ना यार. अख्खी पीडीएफ आहे."

"वाचलीस?"

"मी नाही. बाबांनी वाचली."

तो बोलून गेला आणि मग हसला, कारण त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. मी त्याच्या घरी गेलोय. त्यांच्याकडे उत्तरं सोफ्यावर बसलेली असतात. वडील ऑफिसात अधिकारी, मावशी वकील, खालच्या मजल्यावर सीए. फॉर्ममध्ये काही अडलं की चिन्मय स्वयंपाकघराच्या दिशेनं नुसता आवाज देतो. यात त्याची काही चूक नाही. पण जेव्हा कुणी मला सांगतं की प्रत्येकानं आपापलं शोधावं, आम्ही शोधलं, तयार उत्तरं दिली की मुलं आळशी होतात, तेव्हा मला तो सोफा आठवतो. तुम्ही शोधलं नाही हो. तुम्ही आवाज दिला.

विनय सर त्याच मोसमात आमच्या आयुष्यात आले. स्टेशनच्या बाजूला त्यांचं मार्गदर्शन केंद्र आहे, काचेचा दरवाजा, आत पंखा, बाहेर फलक. दाखले काढून देतात, फॉर्म भरून देतात. त्यात वाईट काही नाही, बाबांसारख्या माणसाला सुट्टी घेऊन चार खेपा मारणं परवडत नाही, तो त्यांच्याकडे जातो. पण सर ग्रुपात दुसऱ्याच नावानं होते आणि आमचं संकलन छापून केंद्रात विकत होते. वर त्यांचा फोटो, हाताची घडी घातलेला. माझ्याच गल्लीतल्या एका मुलीनं मला तो कागद दाखवला आणि म्हणाली, "बघ ना, सरांनी किती सोपं लिहिलंय. तहसीलदार म्हणून तहसीलदारच लिहिलंय." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी मी पास झाली."

मला त्याचाही राग नव्हता, खरंच. उत्तर कुठूनही पोचलं तरी पोचलंच. राग आला तो पुढे.

दीपालीनं तिचा प्रश्न ग्रुपवर टाकला तेव्हा जुलै असावा. मला तो प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा आठवतो. 'मी एसटी. नर्सिंगला नंबर लागेल. पडताळणीत आजोबांचा जुना पुरावा मागितला आहे. आजोबा शाळेत गेले नाहीत. गावी विचारलं, आमचं नाव कुठेच सापडत नाही. एक सर म्हणतात जुना कागद आम्ही तयार करून देतो. करू का?'

राखीव जागेवर प्रवेश मिळाला तरी जातवैधतेचं प्रमाणपत्र मुदतीत द्यावं लागतं, नाहीतर जागा जाते. आणि खोटा कागद लावला आणि पकडला गेला तर जागाच काय, त्या घरातल्या पुढच्या सगळ्या पोरांच्या कागदांवर डाग पडतो. तिच्या प्रश्नाखाली कुणी लिहिलं, करू नकोस. कुणी लिहिलं, सगळे करतात. कुणी लिहिलं, वर बघा.

वर खरंच होतं. कित्येक आठवड्यांपूर्वी, कॉलेजच्या फीवरून चाललेल्या भांडणाच्या मधोमध, धुळ्याच्या एका ताईंनी कुणाला तरी सांगितलं होतं. ते मी उचलून ठेवलं होतं. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गावात शोधू नका, तहसील कचेरीच्या जुन्या दप्तरात असतात, कोतवाल बुक म्हणून मागा. आडनाव शोधू नका, त्या काळी पाड्यांवर आडनावं लिहीत नसत. आजोबांचं नावही शोधू नका, जन्माच्या नोंदीत पोराचं नावच नसायचं. अमक्याला मुलगा झाला, एवढंच असायचं, आणि पुढे जात. म्हणून आजोबांच्या बापाचं नाव शोधा. आजोबांच्या भावाबहिणीची नोंद मिळाली तरी कामाची आहे.

या उत्तराखालची 'करून पाहिलं' ही ओळ रिकामी होती. मी तिथे लिहून ठेवलं होतं, 'अजून कुणी कळवलेलं नाही.' दीपालीला मी ते तसंच पाठवलं, त्या ओळीसकट.

ती म्हणाली, बाबांना समोरासमोर सांगाल का, ते फोनवर ऐकत नाहीत. म्हणून मी आरे कॉलनीत, त्यांच्या पाड्यावर गेलो. बस झाडांतून वळत वळत जाते, खिडकीतून फांद्या आत येतात आणि कंडक्टर सवयीनं मान वाकवतो. उतरलो तर शेण आणि ओल्या हिरव्या चाऱ्याचा वास. मुंबईत राहून मी तिथे कधी गेलो नव्हतो. दीपाली माझ्याच वयाची निघाली, पण ग्रुपात सगळे एकमेकांना दादा-ताई म्हणतात, तसं तिचं दादा चालूच राहिलं. आम्ही रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. तिचे बाबा तबेल्यातून तसेच आले होते, हात धुऊन, पण बाह्या अजून वर.

"ते विनय सर ऑफिस घालून बसलेत," ते मला म्हणाले. "तू कुठं बसतोस?"

"घरी."

"हां," ते म्हणाले.

दीपालीनं विचारलं, "दादा, त्या धुळ्याच्या ताईंना तू ओळखतोस?"

"नाही."

"कधी बोललायस?"

"नाही. त्यांनी नंतर ग्रुप सोडला."

"आणि हे कुणी करून पाहिलेलं नाही."

"कुणी कळवलेलं नाही."

"मग तुला का वाटतं ते खरं असेल?"

मी फार विचार केला होता, पण त्या वेळी एवढंच सुचलं. "कारण त्यांना खोटं सांगून काही मिळणार नव्हतं."

तिच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता उठून जातील. दीपाली त्यांच्याकडे वळली. "बाबा, आपण गावी कुठल्या नावानं विचारलं?"

"आडनावानं. अजून कशानं?"

"ते आडनाव कुठून आलं?"

ते ओशाळल्यासारखं हसले. "तुझा आजा इथं तबेल्यात लागला तेव्हा मुकादमानं लिहिलं. नुसतं नाव चालत नाही म्हणाला. त्याच्या गावातल्या कुणाचं तरी होतं, तेच लावलं."

"मग गावी ते कसं सापडेल?" ती म्हणाली. "आजोबांच्या बापाचं नाव काय?"

बराच वेळ त्यांना ते आठवेना, किंवा आठवत होतं पण तोंडातून निघत नव्हतं. मागे म्हशी चारा चावत होत्या तो आवाज येत होता. मग ते म्हणाले, "जान्या." आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "जान्या होता तो." मला वाटलं, कित्येक वर्षांत ते नाव कुणी विचारलंच नसेल. सगळी कचेरी पुरावा मागत होती, नाव कुणी मागितलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, 'चाललो आम्ही गावी.' तो शेवटचा.

त्यानंतर माझे मेसेज जाईनात. फोन बंद. मी परत आरेत गेलो, घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं की आवणीला गेलेत, भात लावून येतील. याद्या लागत राहिल्या, फेऱ्या होत राहिल्या, आणि मी रोज एकदा तिचं नाव उघडून बघायचो. नंतरही पुन्हा जाता आलं असतं. गेलो असतो तर कळलं असतं. कळलं असतं म्हणूनच गेलो नाही.

मोसम संपता संपता विनय सरांनी ग्रुपवर लिहिलं, या वेळी स्वतःच्या नावानं. 'आरेतल्या एका मुलीचं वर्ष वाया गेलं. आमच्याकडे आली असती तर काम झालं असतं. फुकटच्या सल्ल्याचा परिणाम. पालकांनी सावध राहावं.' खाली सल्ला देणारा म्हणून माझं नाव. मग एकामागून एक. कोण आहे हा? वकील आहे का? याला परवानगी कुणी दिली? ज्यांची कामं त्या संकलनावरून झाली होती असे लोक त्यात होते. त्यांच्यातला कुणी बोलला नाही. ॲडमिननी मला वेगळा फोन करून समजुतीनं सांगितलं, "बाळा, एक दिलगिरीचा मेसेज टाक आणि ते सगळं काढून टाक. विषय संपेल."

विनय सरांचाही फोन आला. आवाज अगदी गोड. "तू हुशार आहेस रे. माझ्याकडे बस ना कामाला. हे असं वाटत फिरण्यापेक्षा."

"सर, ती मुलगी तुमच्याकडे आली होती का परत? तुम्हाला कसं कळलं वर्ष गेलं ते?"

"कळतं आपल्याला. लाईनमध्ये आहोत आपण."

"म्हणजे माहीत नाही."

"तुला तरी माहीत आहे का?"

नव्हतं. हेच तर खरं दुखणं होतं. मी आईला सगळं सांगितलं. चिन्मयला सांगितलं. तो म्हणाला, "काढ ना यार ते एक उत्तर. बाकीचं ठेव. उगाच वाट लावून घेशील स्वतःची." तो काळजीनंच म्हणत होता. मी दोन दिवस विचार केला. एक मुलगी मला रोज दिसायची, फोल्डर मिटवून घरी बसलेली, आणि तिचे बाबा, बाह्या वर केलेले. पण जितका विचार केला तितकं एक स्पष्ट होत गेलं. ते उत्तर काढून टाकलं तर पुढच्या वर्षी आजोबा शाळेत न गेलेली जी मुलगी येईल, तिच्यासाठी दोनच गोष्टी उरतील, काचेचा दरवाजा आणि 'वर बघा'. उत्तर चुकीचं ठरलं असेल तर खाली तसं लिहू, की करून पाहिलं, जमलं नाही. ठरलं नसेल तर कशाच्या भीतीनं काढू? कुणी नाराज होईल म्हणून?

आई म्हणाली, "तू खोटं लिवलं का?"

"नाही."

"लपवलं का काही?"

"नाही. खाली लिहिलं होतं कुणी केलं नाही म्हणून."

"मंग बस." तिनं खडा बसवला. "मानूस चुकन, पन कागद कोनाच्या धाकानं नाही फाडाचा."

मी दिलगिरीचा मेसेज टाकला नाही. त्याऐवजी संपूर्ण संकलन पहिल्यापासून परत टाकलं, धुळ्याच्या ताईंच्या उत्तरासकट आणि त्या रिकाम्या ओळीसकट. ॲडमिननी मला ग्रुपातून काढलं. मी दुसरा ग्रुप काढला. सुरुवातीला त्यात मी, चिन्मय, आमच्या गल्लीतली ती मुलगी आणि लातूरचा एकजण होता, तोच की दुसरा ते मी विचारलं नाही. आता बरेच आहेत. नियम एकच आहे, 'वर बघा' असं लिहायचं नाही. ज्याला वरचं माहीत आहे त्यानं ते खाली आणून द्यायचं. हजारदा विचारलं तरी हजारदा द्यायचं. कंटाळा आला तर गप्प बसायचं, दुसरा देईल.

मला अजून लोक विचारतात, तुला यातून काय मिळतं? प्रश्नाचा सूर असा असतो की काहीतरी मिळत असणारच आणि मी ते लपवतोय. मी पूर्वी सारवासारव करायचो, म्हणायचो की अनुभव मिळतो, ओळखी होतात. आता तसं सांगत नाही. ज्या घरात आवाज दिला की उत्तर येतं त्या घरातल्या माणसाला हे समजावायची जबाबदारी माझी नाही. पाणी भरताना शेजारीण विचारते, आज किती वाजता आलं होतं, आणि आपण सांगतो. त्यातून काय मिळतं असं कुणी विचारत नाही. ज्ञान म्हटलं की लगेच सगळ्यांना कुलूप आठवतं. आमच्या लोकांना हे कुलूप फार जुन्या ओळखीचं आहे. म्हणून मी कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही.

हे असं ठणकावून लिहितोय खरा, पण दोन पावसाळे मी ती एक ओळ भरू शकलो नव्हतो. बाकी सगळ्या उत्तरांखाली नावं येत गेली, चेंबूर, अकोला, भिवंडी, परभणी. धुळ्याच्या ताईंच्या उत्तराखाली काही नाही. ते उत्तर मी अजून बऱ्याच जणांना पाठवलं, प्रत्येक वेळी ओळीसकट. कुणाला त्याची गरज पडली नाही, कुणाला जुना कागद घरातच मिळाला. आणि मी कितीही छाती पुढे काढून बोललो तरी विनय सरांचं ते 'तुला तरी माहीत आहे का?' कानात राहिलंच होतं.

गेल्या आठवड्यात पाऊस थांबला होता. मी कॉलेजातून मेट्रोनं घाटकोपरला उतरलो. जिन्याच्या तोंडाशी नेहमीची गर्दी, जांभळं विकणारी बाई, छत्र्या दुरुस्त करणारा. फोन गुणगुणला. एक नवीन नंबर, मनीषा नाव. आमच्या ग्रुपात नुकतीच आलेली. मी चालता चालता वाचलं.

'मी एसटी. बारावी झाली. पडताळणीचा अर्ज करायचा आहे. माझ्या सख्ख्या चुलत बहिणीला वैधता मिळालेली आहे. तिच्या प्रमाणपत्रावर माझं होईल का? अजून काय जोडू?'

रोज असे प्रश्न येतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एकाला वैधता मिळाली की पुढच्यांची वाट पुष्कळ सोपी होते. मी ते उत्तर शोधायला लागलो आणि नेहमीच्या सवयीनं आधी विचारलं, कुठून आहात, बहिणीची वैधता कुठल्या पुराव्यावर झाली ते माहीत आहे का?

तिनं लिहिलं, 'आरेतून. बहिणीला गावच्या तहसीलमध्ये आमच्या पणजोबांच्या नावावर जुनी नोंद सापडली होती.'

मी जिन्याच्या कडेला झालो. मागून येणाऱ्या माणसाचा धक्का लागला, तो काहीतरी बोलला. मी टाइप केलं, बहिणीचं नाव सांगाल का? पाठवलं आणि लगेच वाटलं, असं विचारायला नको होतं, पोरगी घाबरेल. वर नुसतं 'टायपिंग' दिसत होतं. मग गेलं. परत आलं.

'दीपाली. नर्सिंगच्या सेकंड इयरला आहे ती. मुदतीच्या आत झालं होतं तिचं. दिवसभर वॉर्डात ड्यूटी असते, फोन लागत नाही, म्हणून इथे विचारतेय. आमच्या पाड्यावरच्या अजून दोघींचं पण करायचं आहे, त्यांनाही इथे घेऊ का?'